मिस मोगरा काय म्हणाली

हार्ड डिस्कला हळदकुंकू लावून झाल्यावर विजयसिंहांनी नारळ फोडला, आणि पाण्याचे चार थेंब डिस्कवर उडाले तेव्हा पुण्याहून आलेला माणूस सकाळपासून पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला, नको. तोवर विजयसिंहांनी डिस्कवर फूल ठेवलं होतं.

डिस्कमध्ये अडतीस मिनिटांचा मूकपट होता. त्र्याण्णव वर्षांपूर्वी विजयसिंहांच्या आजोबांनी कोल्हापुरात एक सिनेमा कंपनी काढली, एक सिनेमा काढला आणि कंपनी बंद केली. कारण साधं होतं. सगळा देश पडद्यावर बोलायला लागला, नेमका तेव्हा त्यांनी मुका सिनेमा आणला. तो अकरा दिवस चालला. नंतर रिळं पत्र्याच्या डब्यांतून गुळाच्या गोदामात गेली. गुळाला मुंग्या लागल्या, रिळांना लागल्या नाहीत. पुण्याच्या लोकांनी दोन वर्षं खपून ती धुतली, जोडली, आणि आता ताराबाई पार्कातल्या बंगल्यात मोठ्या टीव्हीसमोर घरची मंडळी बसली होती. मधल्या खुर्चीत चिमणाबाई. विजयसिंहांच्या आत्ती. वय त्र्याण्णव, कान शाबूत, डोळे शाबूत, मतं शाबूत.

शांभवी सोफ्याच्या कडेवर टेकली होती. विजयसिंह तिचे सख्खे चुलतभाऊ, चिमणाबाई तिचीही आत्ती. पण या बंगल्यात ती आयुष्यात चौथ्यांदा आली होती, आणि ‘बस’ असं कुणी म्हटलं ते पहिल्यांदा.

सिनेमाचं नाव होतं ‘कुलपरीक्षा अथवा अरण्यातील मोती’. त्या काळी एका नावात सिनेमा मावत नसे. मोती ही एका गोऱ्या साहेबाची आणि एका रानातल्या बाईची मुलगी. सरदारपुत्र शिकारीला येतो, हरिण सुटतं, मोती सापडते. गुपचूप लग्न, वर्षाच्या आत बाळ. मग सरदारपुत्राला कळतं की बायकोच्या अंगात दोन रक्तं आहेत. तो बाळ काढून घेतो आणि तिला हाकलतो. ती नदीवर जीव द्यायला निघते, इतक्यात एक म्हातारी दाई ताईत घेऊन धावत येते. मोती साहेबाची नव्हेच. ती पाळण्यात बदललेली अस्सल सरदारकन्या. बाळ परत मिळतं, नवरा परत मिळतो, सगळे हात जोडून आभाळाकडे बघतात. प्रेम जिंकतं, फक्त आधी दाखला काढावा लागतो.

“ती सरदारकन्या, हा सरदारपुत्र,” शांभवीनं विचारलं. “मग ते बहीणभाऊ नाही का झाले, दादा?”

“दुसरं सरदार असतील,” विजयसिंह म्हणाले.

सरदारपुत्राचं काम आजोबांनी स्वतःच केलं होतं. कंपनी त्यांची, घोडा त्यांचा, मिशा त्यांच्या. बाळही घरचंच. त्या साली जन्मलेल्या चिमणाबाईच, हे विजयसिंहांनी पुण्याच्या माणसाला दोनदा सांगितलं आणि तो निघताना दारातही सांगितलं. नायिका मात्र बाहेरची. सिनेमाबरोबर विकलेली गोष्टीची एक चोपडी शिल्लक होती, तिच्यावर नाव होतं, मिस मोगरा. मुंबईची असावी, असं विजयसिंह म्हणाले. बाहेरून आलेली बाई मुंबईचीच असते, असं त्यांच्या बोलण्यात होतं.

अडचण एकच होती. मूकपटात मधूनमधून जी अक्षरांची पाटी येते, ‘इकडे मोती शोकसागरात बुडाली’ वगैरे, ती एकही उरली नव्हती. पुण्याच्या माणसानं सांगितलं, त्या कुजलेल्या नव्हत्या. कुणीतरी कात्री घेऊन बसून एकेक पाटी कापून काढली होती, आणि उरलेली रिळं नीट जोडून परत डब्यात ठेवली होती.

“आजोबा टापटिपीचं होतं,” विजयसिंह म्हणाले.

सिनेमा थेटरात गावाला दाखवायचा होता; म्हणून शांभवी हवी होती. पूर्वी पडद्याशेजारी एक माणूस काठी घेऊन उभा राहायचा आणि लोकांना गोष्ट सांगायचा. तसं कुणीतरी पाट्या वाचायला पाहिजे होतं. शांभवीनं सव्वीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं होतं, आणि गावात माईक हातात धरून न अडखळता बोलणारी माणसं विजयसिंहांच्या विरोधी पॅनेलनं निवडणुकीसाठी आधीच बोलवून ठेवली होती.

“घरचं माणूस असताना बाहेर कशाला बघायचं?” विजयसिंह म्हणाले.

शांभवीनं हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं, की चिमणाबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

*

‘घरचं माणूस’ हा शब्द शांभवीनं याआधी सहा वर्षांपूर्वी ऐकला होता.

तिची आई रुद्राणी, कुरुंदवाडची, लिंगायताघरची. वडील विश्वजित, या बंगल्यातले धाकटे. लग्न झालं त्या दिवशी चिमणाबाईंनी निरोप पाठवला, की आमचा धाकटा वारला असं समजतो. चिमणाबाई स्वतः लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या आणि तेव्हापासून घराण्याच्या रक्तावर त्यांची नजर होती. दुसरं काम नव्हतं. विश्वजितराव खरोखर वारले तेव्हा बंगल्यातून दोघं येऊन उभ्या-उभ्या गेले. रुद्राणीला हाक मारायची वेळ कुणावर आली नाही. एक्कावन्न वर्षं तिचा उल्लेख या घरात ‘ती कानडी’ असा होत राहिला, तोही क्वचित.

रुद्राणीनं आयुष्यभर एकच मागितलं होतं. मेल्यावर माहेरच्या रीतीनं मातीत बसवा, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवा. आई वारली त्या दिवशी शांभवी त्यासाठी सकाळीच कुरुंदवाडला गेली. मामा मृत्युंजय आधी म्हणाला, परजातीत गेलेली बहीण. मग म्हणाला, भावकीला विचारतो. मग घरामागं जाऊन एकटाच रडला आणि शेताच्या बांधाकडची जागा दाखवली. शांभवी दुपारी परतली तर घरात आई नव्हती. शेजारीण म्हणाली, तुमच्या घरचे येऊन घेऊन गेले की.

त्या महिन्यात निवडणूक होती. ‘आमच्या घराण्याची सून’ असा फ्लेक्स दीड तासात छापून आला होता. पंचगंगेच्या घाटावर ती पोचली तेव्हा विजयसिंह पांढऱ्या कपड्यांत फोटोतून बाजूला होत होते. आत्तीसाहेबांची ऑर्डर होती, ते म्हणाले. आमच्या घरची बाई मातीत जात न्हाय. गळ्यातलं काढून ठेवा, असंही त्यांनी सांगितलं होतं; ते विजयसिंहांनी रुमालात बांधून शांभवीच्या हातात दिलं. जिवंतपणी उंबरा ओलांडू दिला नाही, आणि मेल्यावर जाळायला सून म्हणून नेलं.

लिंग माणसाबरोबर जातं. मागं राहिलेल्याचं काय करायचं, हे मामालाही माहीत नव्हतं. ते शांभवीच्या कपाटात, रुमालातच होतं.

शांभवी त्यानंतर ओरडली नाही, कोर्टात गेली नाही, पेपरात पत्र लिहिलं नाही. तिनं वाट बघितली. प्राध्यापकांना सूड घ्यायचा असला तरी आधी संदर्भ मिळवावा लागतो.

*

संदर्भ तिच्या मैत्रिणीकडे, निशिगंधाकडे मिळाला.

निशिगंधाला सहाव्या वर्षी तापात ऐकू येणं बंद झालं होतं, आणि ती पंचवीस वर्षं मुक्या-बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला शिकवत होती. शांभवीनं तिच्यापुढं लॅपटॉप ठेवला तो पाट्या लिहायला मदत होईल म्हणून. नट काहीतरी बोलत असणारच. निशिगंधानं चहा बाजूला सारला आणि दहा मिनिटांनी हसायला लागली. तिच्या हसण्याला आवाजाचा अंदाज नसे. शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी डोकावलं.

शिकारीनंतरच्या प्रेमप्रसंगात सरदारपुत्र मोतीचा हात छातीशी धरून म्हणत होता, ‘एवढं झालं की जेवायला सोडा.’ ताटातुटीच्या प्रसंगात तो कॅमेऱ्यामागच्या कुणाला तरी घोड्याबद्दल आईवरून बोलत होता. दाई धावत येते तिथं ती म्हणत होती, ‘चप्पल तुटली.’

“आणि ती?” शांभवीनं मोतीवर बोट ठेवलं.

निशिगंधानं तो तुकडा चार वेळा बघितला.

“ती मराठी बोलत नाही,” ती तिच्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली. “ओठ वेगळे मिटतायत. मला नाही येत ती भाषा. पण तू बाळाकडं बघ.”

“काय?”

“सरदाराच्या हातात ताठ काठी झालंय. दाईच्या हातात रडतंय. हिच्याकडं आलं की काय करतंय बघ.”

शांभवीनं बघितलं. मिस मोगरानं घेतल्याबरोबर बाळानं मान वळवली, तोंड उघडलं, आणि पदराला धुंडाळायला लागलं. भाड्यानं आणलेल्या नटीच्या छातीशी लेकरू असं करत नाही. मिस मोगरा त्याचं तोंड हलकेच कॅमेऱ्याकडे वळवत होती. ते परत तिकडंच जात होतं.

घरी येऊन शांभवीनं दारं लावली आणि बाळ काढून घेण्याचा प्रसंग पुन्हापुन्हा लावला. निशिगंधानं जाताना सांगितलं होतं, ओठांकडं बघू नकोस. ओळखीचं माणूस बोलतंय असं समजून बघ. तेविसाव्या वेळी तिला ओळखीचं माणूस दिसलं. मिस मोगरा हात पुढं करून म्हणत होती, ‘नन्न कूस कोडरि.’ माझं लेकरू द्या. कुरुंदवाडच्या बाजारात, बसस्टँडवर, मामाच्या ओसरीवर बायका बोलतात ते कानडी. चोपडीतली मोती नवऱ्याला अरे-तुरे करत होती. ही अहो-जाहो करत होती. पडद्यावरच्या नवऱ्याला नव्हे, समोरच्या मालकाला म्हणत होती.

शेवटचा प्रसंग. बाळ परत मिळालं आहे, सगळे आभाळाकडे बघतायत. मिस मोगरा एकटी बाळाकडे बघते आहे. तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. इथं शांभवीला तेवीस वेळा बघावं लागलं नाही. आई फोन ठेवताना रोज हेच म्हणायची, गोळ्या मरीब्याड, दार लावायला मरीब्याड.

‘ना निम्मव्वा. मरीब्याड.’

मी तुझी आई. विसरू नको.

शांभवी उभ्यानं पाणी प्याली. चोपडीत शेवटच्या पानावर आजोबांनी लिहवून घेतलं होतं, की चित्रण क्रमवार झालं असून अंतिम दृश्याच्या दिवशी सर्वांना पुरणपोळीचं जेवण देण्यात आलं. म्हणजे सिनेमात बाळ आईला परत मिळालं, त्याच दिवशी खरं बाळ आईकडून गेलं. ताराबाई पार्कात, आजोबांच्या लग्नाच्या बायकोच्या पदरात. मिस मोगरा कुठं गेली, ते ना चोपडीत होतं ना कुठल्या कागदात. आजोबांनी पाट्या तेवढ्या कापल्या. नाव गेलं, गोष्ट गेली, भाषा गेली, आता कोण काय सांगणार, असा त्यांचा हिशेब. अक्षरं काढली की बाई मुकी झाली, असं समजणारा माणूस सिनेमात पडला होता, हे त्या कंपनीचं खरं दुखणं असावं.

म्हणजे घराण्याच्या रक्तावर सत्तर वर्षं पहारा देणाऱ्या चिमणाबाई निम्म्या कानडी होत्या.

दया यायला हरकत नव्हती. शांभवीला झाला तो आनंद. तिनं त्या दुपारी कपडे धुतले, पंखे पुसले, आणि संध्याकाळी बसून दोन संहिता लिहिल्या. एक चौदा पानांची, निळ्या फाइलमध्ये, ‘शोकसागर’ आणि ‘नियतीचा खेळ’ यांच्यासकट. दुसरी एक पान. तिच्यात चार ओळी होत्या: ही बाई कानडी बोलते आहे, ती अमुक म्हणते आहे, हे बाळ तिचं आहे, आणि बाळ पहिल्या रांगेत बसलं आहे.

*

निळी फाइल चिमणाबाईंनी ऐकून पास करायची होती. शांभवी बंगल्यावर गेली तेव्हा त्या व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत पाय उन्हात सोडून बसल्या होत्या. शांभवी वाचत गेली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, आणि झोपल्या असं वाटलं की चूक काढत होत्या. रानातली बाई म्हणू नको, लोकं विचारतील कोणत्या जातीची. साहेबाचं नाव घेऊ नको. आणि शेवटी ती अस्सल निघाली, हे दोनदा वाच. मागच्या रांगेतल्यांना एकदात कळत न्हाय.

“मिस मोगराबद्दल दोन शब्द बोलू का?” शांभवीनं विचारलं. “नायिका आहे.”

“काय बोलणार? नाचणारी बाई.”

“कुठली होती, काही आठवतं?”

“मी पाळण्यात होते, मला काय आठवणार?” चिमणाबाईंनी डोळे उघडले. “असल्या बायका मोठ्या घरात शिरायलाच टपलेल्या असत्यात. तुला सांगायला नको.”

शांभवीनं फाइलच्या समासात पेन्सिलनं काहीतरी लिहिलं. तारीख लिहिली.

“तुझी आई बोलायची निम्मं मराठी, निम्मं तसलं,” चिमणाबाई म्हणाल्या. “विश्वजितला कळायचं तरी काय, देव जाणे. मी एकदाच ऐकलं. दारात उभी राहून बोलत होती. मी आतनं ऐकत बसले.”

“काय म्हणत होती?”

“मला काय कळतंय त्यातलं.” त्या थांबल्या. “पण बसले ऐकत.”

मग त्यांनी पाय उन्हातून काढून घेतले आणि चहा गार झाला म्हणून आतल्या बाईला हाक मारली. शांभवीनं फाइल मिटली. खेळाच्या दिवशी आत्ती कुठं बसणार, एवढंच तिनं विजयसिंहांना विचारलं. पहिल्या रांगेच्या टोकाला, ते म्हणाले; खुर्ची आत जात नाही ना. म्हणजे माईकपासून हातभर अंतरावर.

*

शाहूपुरीतलं थेटर नऊशे खुर्च्यांचं होतं आणि विजयसिंहांनी ते भरलं. गडमुडशिंगीहून दोन बसगाड्या आल्या होत्या. मूकपट आहे हे बसमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. पडद्याखाली पेटी आणि तबला बसले. कमानीवर आजोबांचा फोटो, फोटोखाली विजयसिंहांचा, दोघांच्या मिशा एकाच माणसानं काढल्यासारख्या. आमदार येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली, आमदारांचं भाषण होईपर्यंत तीस. भाषणात चिमणाबाईंचा उल्लेख ‘या चित्रपटसृष्टीतील सर्वांत ज्येष्ठ कलावंत’ असा झाला. त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. नेसू पैठणी, कपाळ मोकळं, मान ताठ.

दिवे गेले. शांभवी माईकपाशी उभी राहिली. वाचायच्या छोट्या दिव्याखाली निळी फाइल, फाइलमध्ये सगळ्यात शेवटी ते एक पान.

खेळ रंगला. सरदारपुत्र घोड्यावर चढला तेव्हा शिट्ट्या पडल्या, हरिण सुटलं तेव्हा हसू आलं, साहेब दिसला तेव्हा मागून कुणीतरी त्याला कोल्हापुरीत पत्ता विचारला. शांभवीचा आवाज लागला होता. ती ‘शोकसागर’ म्हणाली तेव्हा बायकांनी खरंच पदर डोळ्यांना लावले. सव्वीस वर्षांत तिच्या तासाला असं झालं नव्हतं. बाळ काढून घेण्याचा प्रसंग आला. तबला थांबला. मिस मोगरानं हात पुढं केले. नन्न कूस कोडरि. शांभवी म्हणाली, “नियतीचा खेळ कुणाला चुकला आहे?” आणि पान उलटलं. शेवटचं पान आणखी जवळ आलं.

तिनं कडेनं बघितलं. चिमणाबाई खुर्चीत पुढं झुकल्या होत्या. पडद्यावरचं बाळ सरदाराच्या हातातून मिस मोगराच्या पदराकडे मान वळवत होतं आणि म्हातारीचा हात पैठणीच्या काठावर, स्वतःच्याच छातीशी, काहीतरी चाचपत होता.

दाई धावत आली. ताईत निघाला. थेटरानं टाळ्या वाजवल्या. अस्सल माल निघाला की लोकांना बरं वाटतं. आता शेवटचं दृश्य. शांभवीनं फाइलमधून ते पान ओढून वर घेतलं. चार ओळी. नऊशे माणसं, आमदार, दोन कॅमेरे, सगळी भावकी. सहा वर्षं तिनं या एका मिनिटाची वाट बघितली होती. तिनं माईक जवळ ओढला.

तेवढ्यात तिचा पदर ओढला गेला.

“ए,” चिमणाबाई म्हणाल्या. त्यांनी तिला आजवर नावानं हाक मारली नव्हती, आताही मारली नाही. पण आवाज नेहमीचा नव्हता. खाली, घाईचा, चोरून विचारल्यासारखा. “काय म्हणत्या गं ती?”

शांभवी वाकली.

“त्या लेकराला. काय म्हणत्या ती? तुला येतंय न्हवं तिकडचं.”

पडद्यावर मिस मोगराचे ओठ मिटले, उघडले. चिमणाबाई शांभवीकडे बघत नव्हत्या. त्या पडद्याकडेच बघत होत्या आणि उत्तरासाठी कान तेवढा शांभवीकडे केला होता. पदर त्यांनी सोडला नव्हता. मुठीत धरला होता.

शांभवीच्या हातातल्या कागदावर उत्तर होतं. मोठ्या अक्षरात, दिव्याखाली वाचता यावं म्हणून. मोठ्यानं वाचलं असतं तर नऊशे माणसांना कळलं असतं, विजयसिंहांची निवडणूक गेली असती, किंवा कुणी सांगावं, आली असती. आणि या म्हातारीला तिची आई मिळाली असती. ते दोन्ही एकाच कागदावर होतं. वेगळं करून देता येत नव्हतं.

तिनं माईकवर तळहात ठेवला.

“मूकपट हाय, आत्ती,” ती म्हणाली. “कोण काय बोलत न्हाय त्यात.”

चिमणाबाईंनी मान वळवली. क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, वाचायच्या दिव्याच्या उजेडात, हातभर अंतरावरून. म्हातारीला कळलं, हिला माहीत आहे आणि ही सांगणार नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिनं पदर सोडला, आणि घाईनं पडद्याकडे वळली, कारण दृश्य संपत आलं होतं.

शांभवीनं कागदाची घडी घातली, आणखी एकदा घातली, आणि माईकवरचा हात काढला.

“आणि अशा रीतीने,” ती स्वच्छ आवाजात म्हणाली, “मोती ही अस्सल सरदारकन्या ठरली.” थांबून, ठरल्याप्रमाणे, मागच्या रांगांसाठी तिनं ते दुसऱ्यांदा वाचलं.

टाळ्या पडल्या. पडदा पांढरा झाला, दिवे आले. विजयसिंह हार घेऊन आधी आमदारांकडे आणि मग आत्तीकडे वळले. चिमणाबाई पांढऱ्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ मिटत होते, उघडत होते, परत मिटत होते. मिस मोगराचे हलले तसेच, आवाज न करता, पुन्हापुन्हा. पहिलं वाक्य त्यांना जमलं होतं. दुसरं, मरीब्याड, चुकत होतं. दुसऱ्याच्या शेवटी ओठ मिटायचे असतात, आणि मग उघडे ठेवायचे असतात. त्या मिटूनच ठेवत होत्या.

शांभवीनं फाइल मिटून काखेत धरली आणि फोटोसाठी त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली.